रंकाळ्यात चार हायड्रोफोन: सिग्नल जोडल्यावर निकाल का बिघडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा एक गट रंकाळा तलावाच्या तळाजवळ ठेवलेल्या सेन्सरची माहिती ध्वनिलहरींनी वर आणतो आहे. कॅरिअर (माहिती वाहणारी मूळ लहर) २५ किलोहर्ट्झ, सेकंदाला ४००० सिम्बॉल (माहितीचे तुकडे), क्यूपीएसके मॉड्युलेशन (दर सिम्बॉलला लहरीच्या चार फेजपैकी एक, म्हणजे दोन बिट), अंतर साधारण १०० मीटर, पाणी ४ मीटर खोल. तराफ्यावरून सोडलेल्या पाइपला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर चार हायड्रोफोन (पाण्यातले मायक्रोफोन) बांधले आहेत. प्रयोगशाळेतल्या टाकीत सगळं चालतं, रंकाळ्यात चालत नाही. आणि चारही सिग्नल एकत्र जोडले की एकट्या हायड्रोफोनपेक्षा जास्त चुका येतात. असं का होतं आणि काय करावं?

आधी बेरजेचं बघू. पाण्यात ध्वनीचा वेग सुमारे १५०० मीटर प्रतिसेकंद, म्हणजे २५ किलोहर्ट्झला तरंगलांबी फक्त ६ सेंटिमीटर. तुमचा पाइप उभ्या रेषेपासून ५ अंश कलला, तर शेजारच्या दोन हायड्रोफोनपर्यंतच्या मार्गांत ४.४ सेंटिमीटरचा फरक पडतो. हा फरक तरंगलांबीच्या ०.७३ पट, म्हणजे फेजमध्ये जवळजवळ २६० अंश. तराफ्यावर कुणी एका बाजूला सरकून बसलं तरी पाइप एवढा कलतो. चार बैल जुंपले आणि प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला, अशी त्या बेरजेची अवस्था होते. कधी सिग्नल वाढतो, कधी पुसला जातो, आणि आवाज, म्हणजे नको असलेला गोंगाट, मात्र चारही ठिकाणचा गोळा होतो.

मग फेज जुळवून जोडलं तर? म्हणजे बीमफॉर्मिंग, एकाच दिशेने ऐकणं. तुमच्या मांडणीत तेही साधणार नाही. बीमफॉर्मिंगसाठी अंतर अर्ध्या तरंगलांबीइतकं, म्हणजे ३ सेंटिमीटर लागतं. ५० सेंटिमीटरवर ठेवलेल्या हायड्रोफोनची मुख्य बीम दर ७ अंशांवर जशीच्या तशी पुन्हा उगवते. उथळ पाण्यातली परावर्तनं आडव्या रेषेच्या वर-खाली १०-१५ अंशांपर्यंतच्या पट्ट्यात येत असल्यामुळे ती त्या नको असलेल्या बीममधून आत शिरतात. शिवाय चार मीटर पाण्यात थेट लहर, पृष्ठभागावरून आलेली आणि तळावरून आलेली यांच्या दिशांत जेमतेम काही अंशांचा फरक असतो. त्या वेगळ्या करायला निदान दीड मीटर लांबीचा, तीन-तीन सेंटिमीटरवर हायड्रोफोन बसवलेला ॲरे लागेल. तो तुमच्याकडे नाही, आणि त्याची गरजही नाही.

चार हायड्रोफोनचा खरा फायदा वेगळ्या ठिकाणी आहे. तुमची मापं घेऊन हिशोब करून बघा. प्रक्षेपक (पाण्यात ध्वनी सोडणारा भाग) ३ मीटर खोलीवर, हायड्रोफोन १.५ मीटरवर, अंतर १०० मीटर. पृष्ठभागावरून येणारा मार्ग थेट मार्गापेक्षा फक्त ९ सेंटिमीटर लांब, म्हणजे ०.०६ मिलिसेकंद उशीर. तळावरून येणारा ५ सेंटिमीटर लांब. तुमचा एक सिम्बॉल ०.२५ मिलिसेकंदाचा आहे. म्हणजे पहिल्या तिन्ही लहरी एकाच सिम्बॉलच्या पोटात येतात, एकमेकींत मिसळतात आणि त्या जागी सिग्नल मोठा की जवळजवळ शून्य, हे हायड्रोफोनची खोली ठरवते. थेट आणि पृष्ठभागाची एवढ्या दोनच लहरी धरल्या, तर हा उंच-सखल नमुना खोलीनुसार तरंगलांबी गुणिले अंतर भागिले प्रक्षेपकाच्या खोलीची दुप्पट, इतक्या अंतराने पुन्हा येतो: ०.०६ × १०० ÷ ६, म्हणजे बरोबर १ मीटर. कमाल ते शून्य अर्ध्या मीटरात. एक हायड्रोफोन खड्ड्यात असतो तेव्हा दुसरा उंचवट्यावर असण्याची शक्यता मोठी. चार हायड्रोफोन लावायचे ते यासाठी.

यातूनच मांडणीतला एक दोषही दिसतो. तुमचं अंतर समान ५० सेंटिमीटर आहे आणि नमुना १ मीटरने पुन्हा येतो, त्यामुळे पहिला आणि तिसरा हायड्रोफोन बहुधा एकाच वेळी खड्ड्यात जातात, दुसरा-चौथाही तसेच. अंतरं असमान ठेवा. पाण्याच्या पृष्ठभागापासून ०.८०, १.१५, १.६५ आणि २.३० मीटर ही जागा या अंतराला चांगली बसते. अंतर किंवा खोली बदलली की हा हिशोब पुन्हा करायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता टाकीत चाललेलं तलावात का बिघडतं त्याकडे येऊ. टाकीतली चाचणी इलेक्ट्रॉनिक्स तपासायला ठीक आहे, तलावाबद्दल ती काहीच सांगत नाही. रंकाळ्यात दोन प्रकारचे प्रतिध्वनी आहेत. पृष्ठभाग आणि तळ यांच्यामध्ये पाच-सहा वेळा आपटून येणारे, ते पहिल्या दीड ते तीन मिलिसेकंदांत संपतात. आणि दुसरा, जास्त त्रासदायक, दगडी बांधावरून येणारा. बांध हायड्रोफोनच्या मागे ४० मीटरवर असेल तर प्रतिध्वनी ८० मीटर जास्त फिरून येतो, ५३ मिलिसेकंद उशिरा. अंतरामुळे तो थेट लहरीपेक्षा जेमतेम ५ डेसिबल कमी होतो. त्यात दगडातली थोडी घट धरा. २५ किलोहर्ट्झला गोड्या पाण्यात शोषण किलोमीटरला डेसिबलच्या एखाद-दोन दशांशाइतकंच असतं, समुद्रात ते पाच डेसिबलच्या आसपास. म्हणून समुद्रासाठी लिहिलेल्या लेखांमधले ‘दूरचे प्रतिध्वनी विझून जातात’ हे गृहीतक तलावात चालत नाही. ५३ मिलिसेकंद म्हणजे २१२ सिम्बॉल मागचा सिग्नल आजच्या सिम्बॉलवर येऊन बसतो आणि तुमचा इक्वलायझर (प्रतिध्वनींची मिसळ सोडवणारा फिल्टर) तिथपर्यंत पोचतच नाही.

यावर सर्वांत स्वस्त उपाय जागेचा आहे. तराफा बांधापासून ५ मीटरवर आणा, प्रतिध्वनी ६.७ मिलिसेकंदांवर, म्हणजे २७ सिम्बॉलवर येतो आणि फीडबॅक फिल्टरच्या (आधी ओळखलेल्या सिम्बॉलचे प्रतिध्वनी वजा करणाऱ्या भागाच्या) आवाक्यात बसतो. अल्गोरिदमवर आठवडे घालवण्याआधी तराफा हलवून बघा. जागा बदलणं शक्य नसेल तर फीडबॅक टॅप (फिल्टरचे सहगुणक) सलग न ठेवता तुकड्यांत ठेवा: जवळचे १६ आणि २१२ च्या आसपासचे १२. मधले जवळजवळ १९० टॅप शून्य धरायचे, ते शिकायला लावायचेच नाहीत.

पण प्रतिध्वनी नेमका कुठे आहे हे कळणार कसं? यासाठी डेटा पाठवण्याआधी पाण्याचं मोजमाप करा. २० ते ३० किलोहर्ट्झ असा ५० मिलिसेकंदांचा चर्प (चढत जाणारा स्वर) पाठवा, त्यानंतर १५० मिलिसेकंद शांतता, आणि हे सलग एक-दोन मिनिटं. रिसीव्हरमध्ये मूळ चर्पशी कोरिलेशन (जुळणी) केलं की सुमारे २७ डेसिबलचा फायदा मिळतो आणि ०.१ मिलिसेकंदाइतका बारीक इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे कोणती लहर किती उशिरा आणि किती जोराने आली ते, दिसतो. प्रत्येक हायड्रोफोनचा वेगळा आलेख काढा: आडव्या अक्षावर उशीर, उभ्यावर वेळ, रंग तीव्रतेचा. या चार चित्रांवरून तुमचे सगळे आकडे ठरतात. किती टॅप लागतील, बांधाचा प्रतिध्वनी कुठे आहे, पाणी किती वेगाने बदलतं. चारही चित्रं एकसारखीच दिसली, तर चार हायड्रोफोनवर केलेला खर्च वाया गेला आहे, आधी मांडणी बदला. प्रक्षेपक पूर्ण १० किलोहर्ट्झची पट्टी देत नसेल तर जेवढी देतो तेवढीच वापरा, फक्त बारकावा त्या प्रमाणात कमी होईल.

हार्डवेअरमध्ये एकच गोष्ट अशी आहे की ती चुकली तर पुढचं काहीच जमत नाही: चारही चॅनल एकाच घड्याळावर सॅम्पल व्हायला हवेत. दोन स्वस्त यूएसबी साउंडकार्डांवर दोन-दोन हायड्रोफोन लावले आणि त्यांच्या घड्याळांत दहा लाखात ५० भागांचा फरक असला, तर १० सेकंदांत दोघांमध्ये अर्ध्या मिलिसेकंदाचं अंतर पडतं. म्हणजे दोन सिम्बॉल, आणि कॅरिअरचे साडेबारा फेरे. एकच चार-चॅनल इंटरफेस घ्या, १९२ किलोहर्ट्झवर चालवा. मल्टिप्लेक्सर असलेल्या एडीसीमध्ये (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपमध्ये) चॅनल एकामागून एक सॅम्पल होतात. तो उशीर ठरलेला असल्यामुळे चालतो, इक्वलायझर तो सामावून घेतो.

गेनचा हिशोबही करून ठेवा. प्रक्षेपकाची पातळी १७० डेसिबल असेल (१ मायक्रोपास्कलच्या तुलनेत, १ मीटरवर), तर १०० मीटरवर सुमारे १३० उरते. उणे २०० डेसिबल संवेदनशीलतेच्या हायड्रोफोनमधून यातून ०.३ मिलिव्होल्ट मिळतात. ४० डेसिबलचा प्रीॲम्प लावला की ३० मिलिव्होल्ट. प्रीॲम्पच्या आधी निदान १ किलोहर्ट्झचा हाय-पास फिल्टर हवाच, कारण लाटांचं थपथपणं आणि ५० हर्ट्झचा गुंजारव तुमच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठा असतो आणि त्यामुळे प्रीॲम्प आधीच सिग्नलची शिखरं छाटू लागतो. तराफ्यावर इन्व्हर्टर नको. स्वस्त डीसी-डीसी कन्व्हर्टरचं स्विचिंग याच पट्टीत पडू शकतं आणि चारही चॅनलमध्ये एकसारखं उतरतं. १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधा लिनिअर रेग्युलेटर लावा.

फ्रेमसाठी यूपीव्हीसी पाइप चालेल, पण त्याला भोकं पाडून पाणी आत जाऊ द्या. आत हवा राहिली तर तो पाइपच आरसा बनतो. हायड्रोफोन पाइपला चिकटवू नका. १० सेंटिमीटर लांब आडव्या हातांवर रबरी दोरीत लटकवा. खाली पाच-सहा किलो बिडाचं वजन बांधा; उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये असा तुकडा भोक पाडून मिळेल. तराफा एका नांगरावर सोडू नका, तो गोल फिरतो. दोन्ही बाजूंनी बांधा. पाण्यात सोडण्याआधी हायड्रोफोनवर साबणाचं पाणी चोळा, नाहीतर पृष्ठभागाला चिकटलेले बारीक बुडबुडे अर्धा तास तरी संवेदनशीलता खातात.

तराफा स्थिर आहे असं वाटत असताना तो सेकंदाला ३० सेंटिमीटर वाहत असला, तर डॉप्लरमुळे ५ हर्ट्झचा फरक पडतो. एका सेकंदाच्या पॅकेटमध्ये क्यूपीएसकेचे चार ठिपके पाच पूर्ण फेऱ्या मारतात आणि शेवटपर्यंत ०.८ सिम्बॉलची घसरण होते. म्हणून पॅकेटच्या सुरुवातीला आणि शेवटी एकेक चर्प ठेवा, दोघांतलं अंतर मोजा आणि त्या प्रमाणात पूर्ण रेकॉर्डिंग रीसॅम्पल करा. १ सेकंदाच्या अंतरात १९२ किलोहर्ट्झला एक सॅम्पल म्हणजे सेकंदाला पाऊण सेंटिमीटर वेग, एवढी अचूकता पुरते. इथे एक नेहमीची चूक होते: दोन्ही चर्पमधलं सर्वांत उंच शिखर पकडलं जातं. मधल्या सेकंदात उंच शिखर थेट लहरीवरून परावर्तनावर गेलेलं असू शकतं. शिखरांऐवजी दोन्ही इम्पल्स रिस्पॉन्सचे संपूर्ण आलेख एकमेकांशी कोरिलेट करा, आणि चारही हायड्रोफोनची बेरीज घेऊन एकच आकडा काढा. एकाच घट्ट फ्रेमवर असल्यामुळे चौघांचा वेग जवळजवळ सारखाच असतो.

आता मुख्य जोडणी. स्टोयानोविच, कॅटिपोविच आणि प्रोॲकिस यांनी १९९३-९४ मध्ये मांडलेली रचना आजही इथे पहिली निवड आहे: प्रत्येक चॅनलला स्वतःचा फीडफॉरवर्ड (येणाऱ्या सिग्नलवर चालणारा) फिल्टर, चौघांच्या उत्तरांची बेरीज, त्यातून एकच समाईक फीडबॅक फिल्टर, आणि फेज धरून ठेवणारा पीएलएल त्याच गाभ्यात. सगळे सहगुणक एकत्र, एकाच चुकीवरून शिकतात. प्रत्येक चॅनलचा इक्वलायझर वेगळा चालवून शेवटी मतदान घेणं सोपं वाटतं, पण खड्ड्यात असलेला चॅनल स्वतःच्या चुकीच्या निर्णयांवर शिकत भरकटतो आणि मतदानात मात्र त्याचं वजन इतरांइतकंच राहतं.

सुरुवातीचे आकडे असे ठेवा. बँडपास, बेसबँडला आणणं (कॅरिअर काढून टाकणं), सिम्बॉलमागे दोन सॅम्पल. फीडफॉरवर्ड टॅप प्रत्येक चॅनलला १६, म्हणजे २ मिलिसेकंद, चौघांचे ६४. फीडबॅक १६ आणि बांधाचे १२. एकूण ९२. शिकण्यासाठी आरएलएस अल्गोरिदम वापरा, विस्मरणाचा गुणक (जुनी माहिती किती लवकर विसरायची ते) ०.९९८. ट्रेनिंगचे सिम्बॉल ४००. पीएलएल दुसऱ्या क्रमाचा, पहिला गुणक ०.०१ आणि दुसरा त्याच्या दहाव्या भागाइतका. हायड्रोफोन एकाच कडक फ्रेमवर असतील तर समाईक पीएलएल पुरतो. वेगवेगळ्या केबलवर लोंबत असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र लागतो. गणित डबल प्रिसिजनमध्ये करा, आरएलएस सिंगलमध्ये काही हजार सिम्बॉलनंतर फुटू शकतो.

विस्मरणाचा गुणक हा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आकडा आहे. ०.९९८ म्हणजे इक्वलायझरची स्मृती ५०० सिम्बॉलची, १२५ मिलिसेकंदांची. टॅप ९२ असताना स्मृती त्याच्या पाचपट तरी हवी, नाहीतर शिकण्यातला गोंधळच आउटपुटमध्ये आवाज बनून येतो. पाणी लवकर बदलतं म्हणून कुणी गुणक ०.९९ वर आणतं. मग स्मृती १०० सिम्बॉलची उरते, टॅपइतकीच, आणि काहीही स्थिर होत नाही. याच कारणाने हायड्रोफोन वाढवले की निकाल सुधारतोच असं नाही. आठ हायड्रोफोन लावले तर टॅप १५६ होतात, स्मृती जवळजवळ ८०० सिम्बॉल, म्हणजे २०० मिलिसेकंदांची लागते. वाऱ्यामुळे पाणी १५० मिलिसेकंदांत बदलत असेल तर आठ हायड्रोफोन चारांपेक्षा वाईट निघतील. चार-चित्रांच्या मोजमापात पाण्याच्या बदलाचा वेग बघायचा तो यासाठी. दर दोन चर्पमधलं अंतर २०० मिलिसेकंद असल्यामुळे लागोपाठच्या रिस्पॉन्समधलं साम्य ०.९ च्या वर असेल तर निर्धास्त पुढे जा. बरंच खाली असेल तर टॅप कमी करा, त्यासाठी हायड्रोफोन तीन करावे लागले तरी.

लॅपटॉपवर हे सहज चालतं. छोट्या मायक्रोकंट्रोलरवर चालवायचं असेल तर टाइम रिव्हर्सलकडे वळा: प्रत्येक चॅनलचा सिग्नल त्याच्याच अंदाजित इम्पल्स रिस्पॉन्सच्या उलट्या, कॉन्जुगेट (काळ आणि फेज दोन्ही उलटे) रूपातून गाळायचा, चारही जोडायचे आणि मागे एकच छोटा इक्वलायझर लावायचा. चौघांतली सगळ्या मार्गांनी आलेली ऊर्जा एका क्षणी जमते आणि उरलेले अवशेष वेगवेगळ्या जागी विखुरले जातात. चार हायड्रोफोनला हे विखुरणं पुरेसं होत नाही, म्हणून मागचा इक्वलायझर वगळू नका. आणि अंदाज दर १०० मिलिसेकंदांनी ताजा करा.

टाइम रिव्हर्सल असो की ओएफडीएममधली (अनेक बारीक कॅरिअर एकदम वापरणाऱ्या पद्धतीतली) वजनी बेरीज, तिथे एक चूक हमखास दिसते: चारही चॅनलचे सिग्नल समान तीव्रतेचे करून घेणं. त्यामुळे खड्ड्यातल्या चॅनलचा आवाज फुगवून इतरांच्या बरोबरीने बेरजेत येतो. पातळी सिग्नलवरून जुळवायची नसते. चर्पच्या आधीच्या शांत भागात प्रत्येक चॅनलचा आवाज मोजा आणि आवाजाची पातळी समान करा. प्रीॲम्पवर आपोआप गेन बदलणारी सोय असेल तर ती बंद ठेवा. नौकाविहाराची मोटरबोट चालू असताना हेही पुरत नाही, कारण तिचा आवाज चारही हायड्रोफोनवर एकमेकांशी जुळलेला असतो. एकत्र शिकणारा इक्वलायझर अशा आवाजाला काही प्रमाणात स्वतःच खोडतो. साधी वजनी बेरीज खोडत नाही.

वेळ आणि ऋतू निवडा. एप्रिल-मेमध्ये दुपारी वरचं पाणी खालच्यापेक्षा तीन अंशांनी गरम झालं आणि तो फरक तीन मीटरांत पसरला, तर ध्वनीचा वेग वर ८ मीटर प्रतिसेकंद जास्त होतो आणि आडवी निघालेली लहर ५० मीटरांतच २ मीटर खाली वाकते. १०० मीटरवर वरच्या दोन हायड्रोफोनला थेट लहर मिळणारच नाही. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत चाचणी घ्या. पावसाळ्यात रिपरिप पावसाचे बारीक थेंब १५ किलोहर्ट्झच्या आसपास भरपूर आवाज करतात आणि तो वर तुमच्या पट्टीतही पसरतो. जलपर्णीच्या जवळ जाऊ नका. तिच्या मुळांत अडकलेले बुडबुडे ध्वनी गिळतात. सेंद्रिय गाळाच्या तळात वायू साठलेला असतो आणि असा तळ मऊ दिसूनही कडक आरशासारखा वागतो, त्यामुळे तळाचे प्रतिध्वनी अपेक्षेपेक्षा जास्त आले तर कोड दोषी धरू नका. विद्यापीठालगतच्या राजाराम तलावात तुलना करून बघा. राधानगरीच्या लक्ष्मी तलावासारख्या खोल पाण्यात गणित वेगळं होतं: ३० मीटर खोली, २०० मीटर अंतर आणि दोन्ही टोकं ५ मीटरवर असली तर तळाची लहर ४ मिलिसेकंद उशिरा, स्पष्ट वेगळी येते. प्रत्येक ठिकाणी तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी आधी काढा.

एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. तुमचा सेन्सर दर १५ मिनिटांनी जेमतेम ४० बाइट पाठवतो. एका सेकंदाच्या क्यूपीएसके पॅकेटमध्ये ट्रेनिंग आणि अर्ध्या दराचं कोडिंग वजा करूनही ४५० बाइट मावतात. एवढी गरज नसेल तर आठ टोनचं एफएसके (वेगवेगळ्या वारंवारतेच्या स्वरांनी माहिती पाठवणं) लावा: २५ मिलिसेकंद टोन, ७५ मिलिसेकंद शांतता, टोनमध्ये ५०० हर्ट्झचं अंतर. बांधाचा प्रतिध्वनी शांततेत विरून जातो, ५ हर्ट्झचा डॉप्लर ४० हर्ट्झच्या खिडकीत दिसतही नाही, आणि चार हायड्रोफोन जोडायला फेज लागतच नाही. आवाजाने भागलेली ऊर्जा फक्त बेरीज करायची. अर्ध्या दराच्या कोडिंगसह ४० बाइटना सुमारे २१ सेकंद लागतात. सेन्सर खरोखर वर्षभर चालवायचा असेल तर मी हीच पद्धत मुख्य ठेवीन आणि क्यूपीएसके प्रयोगासाठी.

दोन्हीपैकी काहीही करा, चारही चॅनलचं कच्चं रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि अहवालात चुकांच्या प्रमाणाबरोबर एक आलेख द्या: एक, दोन, तीन, चार हायड्रोफोन वापरल्यावर इक्वलायझरच्या आउटपुटचा सिग्नल-आवाज गुणोत्तर किती. हायड्रोफोनच्या सगळ्या जोड्या करून बघा. एखादा विशिष्ट हायड्रोफोन ज्या-ज्या जोडीत येतो तिथे आलेख खाली जात असेल, तर त्याची केबल, कनेक्टरमधलं पाणी आणि प्रीॲम्पचं छाटणं तपासा, अल्गोरिदम नंतर.